समोरच्या दुकानात सापडतं

चौसाळ्यात हायवेला लागून माझं दुकान आहे. सुरुवातीला ते टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, मग डीटीपी आणि झेरॉक्स झालं, आता 'ऑनलाइन सेवा केंद्र' अशी पाटी आहे. पाट्या बदलल्या, खुर्चीत मीच. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हटल्यावर मी विचारात पडले. दाखले, उतारे, पीकविमा याबद्दल काय लिहायचं? 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हे वाक्य मी इतक्या वेळा बोललेय की झोपेतही बोलत असेन. लिहायचं तर शोधण्याबद्दल लिहावं. नेटवर एखादी गोष्ट शोधून देणं, आमच्याकडे त्याला 'सर्च मारणं' म्हणतात, हे माझं सगळ्यात आवडतं काम. पण त्याबद्दल लिहायचं तर समोरच्या युनूसबद्दल लिहावं लागतं, आणि ते माझ्या जिवावर येतं.

एके काळी या भागात नेट फक्त माझ्याकडे होतं. लोक काउंटरला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "ताई, जरा सर्च मारा." मी टायपिंगची मास्तरीण. मराठी असो की इंग्रजी, की-बोर्डकडे बघायचं काम नाही. माणसाचं वाक्य संपायच्या आत माझं टाइप करून झालेलं असायचं. लोक बघतच राहायचे. "ताईचा हात म्हंजे मशीन हाय," असं कुणी म्हटलं की दिवसभर बरं वाटायचं. शोधलेलं कधी सापडायचं, कधी सापडायचं नाही. नाही सापडलं तर मी सांगायचे, "नेटवर नाही." लोक मान डोलवून निघून जायचे. नेटवर नाही म्हणजे जगात नाही, असं तेव्हा त्यांनाही वाटायचं आणि मलाही.

मग युनूस आला. तसा तो चौसाळ्याचाच. त्याचा मोठा भाऊ सलीम, हायवेवरचा गाजलेला मेकॅनिक, माझ्या दुकानासमोरच त्याचं गॅरेज. युनूस बीडला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला होता. सलीमभाई कावीळ होऊन अचानक गेले. मागे बायको मुमताजभाभी आणि लहानगी नसरीन. युनूस नोकरी सोडून गावी परतला, गॅरेजचं शटर रंगवलं, आत दोन कॉम्प्युटर मांडले आणि माझ्यासारखीच पाटी लावली. माझ्या पाटीपेक्षा मोठी.

मला काही विशेष वाटलं नाही. हा माणूस दोन बोटांनी टाइप करायचा. एक अक्षर दाबलं की पुढचं हुडकायचा. मी काचेतून बघून मनातल्या मनात हसायचे.

पहिला चटका बसला तो परभूदादांच्या कडबाकुट्टीमुळे. परभूदादा जवळच्याच वस्तीवरचे, चार म्हशी बाळगणारे. त्यांच्या वैरण कापायच्या कडबाकुट्टीचं पातं मोडलं होतं आणि मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. बीडच्या दुकानांत मिळेना. ते माझ्याकडे आले. मी 'कडबाकुट्टी पाते' टाइप केलं, इंग्रजीतून केलं, कंपनीचं नाव घालून केलं. नव्या मशीनच्या जाहिरातींचा ढीग आला. पातं नाहीच. मी नेहमीसारखं म्हटलं, "नेटवर नाही, दादा."

दुसऱ्या दिवशी परभूदादा युनूसच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले, चेहरा खुललेला. मला राहवेना. मी हाक मारली.

"काय, मिळालं का पातं?"

"मिळालं की! कोल्हापूरकडं कुणी बनवतंय. पार्सलनं येणार."

"कसं काय शोधलं?"

"मला म्हणला, मोडकं पातं घिऊन या. मी नेलं. त्यानं पट्टीनं माप घेतलं. दोन भोकांमदलं अंतर घेतलं. मशीनचं नाव टाकलंच न्हाई, नुसतं माप टाकलं. म्हणला, कंपनी मेली तरी माप मरत न्हाई."

एवढं साधं. आणि मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी माझ्याकडून तीन अर्ज चुकीचे टाइप झाले.

हळूहळू लोकांची सवय बदलली. टायपिंगला माझ्याकडे, झेरॉक्सला माझ्याकडे, पण काही अडलं, काही हुडकायचं असलं की सरळ रस्ता ओलांडायचा. माझ्या काउंटरला उभं राहून, माझ्याकडून प्रिंट घेता घेता एकमेकांना सांगायचे, "समोर इचार, तिथं सापडतं." माझे यजमान एसटीतून निवृत्त झालेले. ते दुपारी चहाला कुठं जायचे? युनूसकडे. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "त्याच्याकडं गप्पा होतात. तुझ्याकडं नुसता खटखट आवाज."

मग मी म्हटलं, जाताच आहात तर डोळे उघडे ठेवून बसा. तो काय टाइप करतो ते बघून या. यजमानांनी माझं हे काम मनापासून केलं. पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं, "तो टाइपच करत नाही."

"म्हणजे?"

"आधी बोलत बसतो. वस्तू कुठं वापरायची, कधी बिघडली, कुणी सांगितलं, तिकडं त्याला काय म्हणतात. माणूस वैतागेपर्यंत विचारतो. मग दोन-तीन शब्द मारतो, की आलंच."

मग मीही विचारायला सुरुवात केली. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना कुठल्याशा तेलाचं नाव हवं होतं. मी विचारलं, कशासाठी, दुखतं कुठं, कधीपासून, घरात अजून कुणाला आहे का. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमी पोलिसात हायत का, बाई?" आणि उठून समोर गेले. प्रश्न तेच असतील, पण त्याच्या तोंडून लोकांना आपुलकी वाटायची आणि माझ्या तोंडून चौकशी. याचं मला जितकं वाईट वाटलं तितकं गिऱ्हाईक गेल्याचं वाटलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सर्च इंजिनला सगळं माहीत असतं. तसं नसतं. कुणीतरी, कुठंतरी, काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. आपण दिलेले शब्द त्या लिहिलेल्याशी कितपत जुळतात, हे ते यंत्र बघतं. म्हणून आपण काय म्हणतो यापेक्षा लिहिणाऱ्यानं काय म्हटलं असेल, याचा अंदाज बांधावा लागतो. आपण म्हणतो 'गाडी धूर टाकते'. लिहिणारा मेकॅनिक तसं लिहीत नाही, तो बिघडलेल्या भागाचं नाव लिहितो. नेमके शब्द त्याच क्रमानं हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत टाकायचे. नको ते वरवर येत असेल तर त्या शब्दाच्या आधी उणे चिन्ह द्यायचं. ही चिन्हं मला युनूसच्या आधीपासून येत होती, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते. पण चिन्हं येणं वेगळं आणि कुठला शब्द टाकायचा हे सुचणं वेगळं. ते सुचणं त्याच्याकडे होतं. पार्टच्या काउंटरवर वर्षानुवर्षं "ते गोल गोल द्या, जे वाजतंय" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना नेमका पार्ट काढून देऊन ते आलं होतं.

आता ती गोष्ट सांगते, जी अजून माझ्या मनातून जात नाही.

एका सकाळी शांताबाई आल्या. वस्तीवरच्या, माझ्या ओळखीच्या, त्यांच्या मुलाचे फॉर्म मीच भरलेले. सोबत दीर होता. शांताबाईंचे यजमान बाळू, ट्रकवर ड्रायव्हर. माजलगावहून साखर भरून चेन्नईला गेले होते. सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणाऱ्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही धड नव्हती. 'बाळू', 'ॲक्सिडेंट', 'हॉस्पिटल' एवढं कळलं. गावाचं नाव त्यानं दोनदा सांगितलं आणि फोन कट झाला. त्यानंतर तो नंबर बंद. बाळूचाही बंद. गाडीमालकाचा लागेना.

"गावाचं नाव काय सांगितलं?" मी विचारलं.

"कव्वाली," शांताबाई म्हणाल्या.

"कव्वाली?"

"आसंच म्हणला ओ. कव्वाली हॉस्पिटल, कव्वाली हॉस्पिटल."

माझी बोटं सुटली. 'कव्वाली हॉस्पिटल' मारलं. पडद्यावर गाण्यांच्या रांगा लागल्या, टाळ्या वाजवणारी माणसं, पेटीवाले. शांताबाई माझ्या मागे उभ्या राहून ते बघत होत्या. तोंडाला पदर लावलेला. मी घाईघाईनं ते बंद केलं. इंग्रजी स्पेलिंग बदलून बघितलं. 'कव्वाली चेन्नई' मारलं. चेन्नईतल्या कार्यक्रमाच्या जाहिराती आल्या. मग 'ट्रक अपघात' मारलं. देशभरातले उलटलेले ट्रक एकाखाली एक यायला लागले आणि प्रत्येक फोटोला शांताबाई पुढे वाकून विचारायच्या, "ह्यो हाय का?" माझे हात इतक्या वेगानं कधी चालले नसतील. काहीच हाती लागत नव्हतं.

दीर बाहेर गेला आणि युनूसला घेऊन आला. माझ्या दुकानात. माझ्या खुर्चीमागे.

युनूसनं पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो शांताबाईंच्या समोर स्टुलावर बसला. "वहिनी, फोन उचलला तवा तो माणूस पयला शब्द काय बोलला?"

"पयला... 'अम्मा' म्हणला."

"आन् बाळूभाईचा शेवटचा फोन कवा आलता?"

"काल दुपारी. म्हणले, हैदराबाद मागं टाकलं. आता समुद्राच्या बाजूच्या मोठ्या रोडला लागायचं, म्हंजे चेन्नई आली."

युनूस उठला आणि मला म्हणाला, "ताई, 'अम्मा' म्हणला म्हंजे माणूस तिकडचाच, साउथचा. सर्च राहू द्या. नकाशा उघडा."

मी उघडला. त्यानं बोट ठेवलं. "हा समुद्राकडचा रोड. ह्याच्यावरून चेन्नईकडं खाली चला. गाव बघत चला. कव्वालीसारखं काय वाजतंय का बघा."

मी नकाशा मोठा केला आणि रस्त्यानं हळूहळू खाली सरकत गेले. ओंगोल. मग लहान लहान गावं, तोंडात न बसणारी नावं. शांताबाईंचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. आणि मग आलं. कावली. आंध्रात, रस्त्याला लागूनच.

"हेच," युनूस म्हणाला. "आता मारा. कावली, सरकारी दवाखाना."

एक नंबर लागला नाही. दुसरा लागला. पलीकडे तेलुगू सुरू झालं. युनूसनं माझ्या हातातून फोन घेतला आणि घरी बोलतात तसल्या दखनीत सुरू झाला, "भाई, कोई अपनी जबान बोलनेवाला है क्या उधर?" मग पलीकडून दुसरा आवाज आला, अगदी आपल्याकडचा वाटावा असा. तिथला एक वॉर्डबॉय. तो वॉर्डात बघायला गेला. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत उभे. मग स्पीकरवरून, लांबून, खोल गेलेला आवाज आला.

"शांते?"

शांताबाई खालीच बसल्या. बाळूचा पाय मोडला होता, डोक्याला टाके होते, मोबाईल ट्रकच्या केबिनमध्ये चेंगरला होता. पण माणूस बोलत होता. दीर त्याच दिवशी निघाला आणि आठवड्याच्या आत बाळू घरी आला.

मलाही तेव्हा रडू आलं, खोटं नाही सांगत. पण नंतरचं सांगते. जाताना शांताबाईंनी युनूसचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मग दारातून मागे वळून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमीबी लई केलं."

तो 'बी' अजून मला टोचतो. कॉम्प्युटर माझा, नेट माझं, नकाशा मी सरकवला, गाव माझ्या डोळ्यांना दिसलं. आणि मी 'बी'.

त्या दिवसापासून चौसाळ्यापासून नारायणगडापर्यंत युनूसचं नाव झालं. गडावर दर्शनाला आलेली माणसं येता-जाता त्याच्याकडे थांबायची. हरवलेला मित्र, बंद पडलेल्या औषधाला पर्याय, जुन्या इंजिनचं पुस्तक. मी काचेतून बघायचे. तो मान वाकडी करून ऐकत बसलेला असायचा. यजमान शेजारी चहा पीत असायचे.

माझंही काही होतं, नव्हतं असं नाही. मी वाचायचे. युनूसला सापडवायची घाई, सापडलं की त्याचं काम संपलं. मी सापडलेलं पान खालपर्यंत वाचायचे. ते कुणाचं आहे, वरचा पत्ता काय आहे, कधी लिहिलंय. एकदा आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी आले. फ्रीज बिघडला होता, कंपनीचा हेल्पलाइन नंबर हवा होता. सगळ्यात वर एक नंबर आला, ठळक अक्षरांत. गुरुजी मोबाईलवर दाबायलाच लागले होते. मी त्यांचा हात धरला. पानाच्या पत्त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं होतं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' लिहिलेलं. ते ठगांचं पान होतं. फोन केला असता तर त्यांनी गोड बोलून बँकेचे आकडे काढून घेतले असते. मी खाली जाऊन कंपनीचं खरं पान काढलं, नंबर दिला, गुरुजींचा फ्रीज दुरुस्त झाला.

पण ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली का? नाही. गुरुजींचं काहीच नुकसान झालं नाही, मग सांगणार काय? युनूस हरवलेलं आणून द्यायचा, ते सगळ्यांना दिसायचं. मी हरवू द्यायचे नाही, ते कुणालाच दिसत नव्हतं. हे मी यजमानांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "युनूसपण तेच म्हणत होता. ताई वाचतात म्हणून आपल्याला बरं, म्हणाला." म्हणजे माझं कौतुकही त्याच्याच तोंडून माझ्यापर्यंत यायचं. यावर चिडायचीही सोय नाही.

आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे. पोरं टाइपही करत नाहीत, फोनशी बोलतात, आणि वरच्या वर तयार उत्तर येतं, अगदी ठाम भाषेत. ते कुठून आलं हे कुणी बघत नाही. तरी लोक आमच्याकडे येतातच. कारण उत्तर चुकलं की फोनला जाब विचारता येत नाही, आम्हाला विचारता येतो.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी युनूस माझ्या दुकानात आला. इतक्या वर्षांत स्वतःच्या कामासाठी पहिल्यांदाच. उभाच राहिला.

"बसा की, युनूसभाई."

"ताई, तुमी पूर्वी बीडच्या त्या साप्ताहिकाचं टायपिंग करत होतात ना?"

करत होते. संपादक एकटेच मालक, बातमीदार आणि वाटप करणारे. मजकूर माझ्याकडे यायचा, पानं मी लावून द्यायचे. पुढे ते वारले आणि साप्ताहिक बंद पडलं.

"त्यात आमच्या भाईजानचा फोटो आलता. पुराची येळ होती, ओढ्यात एसटी अडकली होती, भाईजाननं दोर लावून माणसं काढली होती. तो अंक हाय का तुमच्याकडं?"

अंक नव्हता. वाळवीनं खाल्लेला गठ्ठा मी स्वतः जाळला होता. मी तसं सांगितलं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, नसरीनचं लग्न ठरलंय. तिला बापाचा फोटो हवाय. भाभीच्या मोबाईलमधले सगळे मोबाईलसोबत गेले. उरलाय तो मतदान कार्डावरचा. "त्यात भाईजान हाय, आसं सांगावं लागतं. पोरगी म्हणती, अब्बा हसायचे कसे ते मला आठवत न्हाई."

"तुम्ही शोधलं असेल ना?"

"लई शोधलं, ताई. महिना झाला. मराठीत, इंग्रजीत, उर्दूत. भाईजानचं नाव, गावाचं नाव, ओढा, पूर, एसटी. काहीच न्हाई. नेटवर न्हाईच ते."

हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी आतून काहीतरी आनंदानं उसळलंही. दोन्ही खरं आहे.

तो गेल्यावर मी विचार करत बसले. संपादकांनी शेवटच्या काळात हौसेनं काही अंक नेटवर टाकले होते, कुठल्याशा फुकट जागेवर. मला ते दाखवून म्हणाले होते, "आता आपण अमेरिकेत वाचले जाणार." ती पानं अजून असतील तर? आणि असतील तर युनूसला का दिसली नाहीत?

मग लक्षात आलं. तेव्हाचा मराठी फॉन्ट. आज आपण 'बीड' टाइप करतो ते कॉम्प्युटरला 'बीड' म्हणूनच कळतं. तेव्हा तसं नव्हतं. इंग्रजी सी, एच आणि मोठा एम दाबला की पडद्यावर 'बीड' उमटायचं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. मराठी नुसती वरून चढवलेली. म्हणजे ती बातमी नेटवर असलीच तर अर्थ नसलेल्या इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीत पडलेली असणार. जगातलं कुठलंही सर्च इंजिन 'सलीम' मारल्यावर ती दाखवणार नाही. ती गिचमीडच टाइप करावी लागेल. आणि ती ज्या बोटांना पाठ आहे, ती माझी.

मी डोळे मिटले आणि जुन्या पद्धतीनं 'चौसाळा सलीम मेकॅनिक' टाइप केलं. चौकटीत वाचता न येणारं काहीतरी उमटलं. उत्तर आलं नाही. 'सलिम' असं ऱ्हस्व करून बघितलं. नाही. मग युनूससारखा विचार केला, हे लिहायला मला आवडत नाही, पण केला. लिहिणाऱ्यानं काय लिहिलं असेल? आमच्या संपादकांना एक शब्द फार प्रिय होता. 'धाडसी'. धाडसी सरपंच, धाडसी विद्यार्थिनी, एकदा तर धाडसी बैल. मी 'धाडसी मेकॅनिक' टाइप केलं, अवतरणचिन्हांत.

एकच उत्तर आलं.

पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत कचरा. मी तो न अडखळता वाचू शकत होते, कारण माझ्याच बोटांनी तो तयार केला होता. आणि मजकुराच्या मध्ये फोटो होता. सलीमभाई, बनियनवर, खांद्यावर ओला दोर, तोंडभर हसतायत.

मी युनूसला हाक मारली. तो धावत रस्ता ओलांडून आला. पडद्याकडे बघून उभाच राहिला. मग परत पळत गेला आणि भाभीला घेऊन आला. मुमताजभाभी माझ्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. मग बोट दाखवून म्हणाल्या, "दात बघा, ताई. लाल. पान खाल्लंय." आणि हसायला लागल्या. "मला तर म्हणले होते, सोडलं. कसम खाल्ली होती." हसता हसता त्या रडायला लागल्या, आणि रडतानाही 'कसम खाल्ली होती' म्हणतच होत्या.

फोटो मी साफ केला, मोठा केला, चांगल्या कागदावर काढून दिला. पानाचा लाल रंग तसाच ठेवला. भाभींनीच सांगितलं तसं.

युनूस मात्र अजून पडद्यासमोरच उभा होता. त्या गिचमिडीकडे बघत होता. "ताई, ह्ये काढलं कसं? काय शब्द टाकला?"

"चहा घेता का, युनूसभाई?" मी विचारलं.

लग्न मार्चमध्ये झालं, दुपारचं, शाळेच्या मैदानात. प्रवेशाजवळ तो फोटो फ्रेम करून ठेवला होता. नसरीन आत जाताना त्याच्यापुढे थांबली आणि बापासारखीच तोंडभर हसली. अख्खं गाव तिथं थांबून बघत होतं. मी जेवायला बसले होते. शेजारच्या पंगतीत परभूदादा कुणाला तरी सांगत होते, "नेटवरून काढला म्हणं फोटो. युनूसभाईनं. भावासाठी रानोमाळ हुडकलं."

युनूस वाढत होता. त्यानं ऐकलं आणि थांबला. "मी न्हाई, दादा. ताईनं काढला. सुनंदाताईनं. मी हरलो होतो."

परभूदादांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बघा. एवढं करून नाव दुसऱ्याला देतो. लई मोठ्या मनाचा माणूस हाय." पंगतीत सगळ्यांनी माना डोलवल्या.

मी पुढचा घास घेतला. मोठ्यानं ओरडून सांगितलं असतं तरी तो मोठ्या मनाचा आणि मी हावरी, एवढंच झालं असतं.

युनूस बिर्याणीचं पातेलं घेऊन माझ्यापुढे आला आणि वाकून हळूच म्हणाला, "ताई, आता तरी सांगा. रोज बसून बघतो मी. तेच नाव टाकतो, तेच गाव टाकतो. मला का येत न्हाई?"

मी वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. झोप उडालेली, जेवण गोड न लागणारी, समोरच्या काचेतून आत बघायला लावणारी ती जळजळ. खरी. शंभर नंबरी.

"वाढा," मी म्हटलं. "अजून थोडी वाढा."